इगतपुरीला मालगाड्या इतका वेळ का थांबतात?

घाटामुळे. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला रेल्वेमार्ग 1865 साली सुरू झाला, आणि त्याचा चढ आहे 37 फुटांना एक फूट! भरलेली मालगाडी पुढच्या इंजिनाला एकट्याने ओढवत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, जोडतात. इगतपुरीला ती सोडवायची आणि परत खाली पाठवायची, हे काम दिवसरात्र चालतं.

पूर्वी थांबा याहून मोठा असे. 1930 च्या सुमारास मुंबईकडून विजेची रेल्वे इथपर्यंतच आली. पुढे वाफेचं इंजिन जोडावं लागे. नंतर वाफ गेली, तरी मुंबईकडे डीसी आणि नाशिककडे एसी अशी दोन वेगळ्या प्रकारची वीज, म्हणून इंजिन बदलणं चुकलं नाही. आता दोन्हीकडे एसी आहे. भर पावसात रुळांवर उतरून कपलिंग, म्हणजे इंजिन आणि गाडीमधला जोड, सोडवणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं.