कॅराव्हॅनने फिरताना टीव्हीसाठी डिश न्यावी की फोनच्या इंटरनेटवर भागेल?

आपण आई-वडिलांना घेऊन भाड्याच्या कॅराव्हॅनने कास, कोयना आणि पुढे कोकण असे आठ दिवस फिरणार आहात आणि संध्याकाळी त्यांना टीव्ही पाहता यावा यासाठी छत्री, म्हणजे डिश अँटेना, बरोबर घ्यावी की फोनच्या इंटरनेटवर भागेल, असे विचारले आहे. प्रश्नाच्या शेवटी आपण ‘आजकाल डिश वापरतं तरी कोण?’ असेही लिहिले आहे, आणि त्या एका वाक्यामुळेच मी हे उत्तर लिहायला बसलो. मी चौदा वर्षे सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांत घरोघरी छत्र्या बसवल्या आहेत. माझे मत स्पष्ट आहे: हमरस्ता सोडून आत जाणार असाल तर छत्री न्या.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्याने पुण्याहून अशीच एक कॅराव्हॅन भाड्याने आणली होती. तो संगणक अभियंता आहे. मी दुकान बंद केले तेव्हा तो मला म्हणाला होता, “मामा, तुमचा धंदा दहा वर्षांपूर्वीच संपला होता, तुम्हाला ते आत्ता कळलं.” निघताना मी साठ सेंटिमीटरची जुनी छत्री, तिवई आणि ‘फ्री डिश’ या दूरदर्शनच्या फुकट सेवेचा बॉक्स गाडीत ठेवू लागलो, तेव्हा त्याने ते सामान दोनदा खाली उतरवले. गाडीतला टीव्ही फोनच्या हॉटस्पॉटवर चालतो, भंगाराची गरज नाही, असे त्याचे म्हणणे होते. अखेर माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ‘असू दे की, गाडी काय डोक्यावर घेऊन जायची आहे?’ असे म्हटले आणि छत्री मागच्या बाकाखाली गेली.

१९ नोव्हेंबरला, रविवारी, आम्ही कास ओलांडून बामणोलीच्या पुढे शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठी एका ओळखीच्या शेतात मुक्कामाला होतो. त्या दिवशी अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. आबा तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे होते आणि रेडिओवरच्या समालोचनापासून क्रिकेटचे वेडे. नाणेफेकीच्या वेळी भाच्याच्या फोनवर रेंजची एक काडी होती. पडद्यावर खेळाडू अर्धे पाऊल उचलून थांबत, मध्ये गोल फिरू लागे आणि चित्र पुन्हा सुरू होईपर्यंत आबा काही न बोलता पडद्याकडे पाहत राहत. ते पाहणे मला सोसवेना.

मी तिवई शेताच्या मोकळ्या बाजूला रोवली, तिच्या पायांवर दगड ठेवले आणि ओळंबा धरून छत्री जिच्यावर बसते ती नळी सरळ केली, कारण नळी कलली तर पुढचे सगळे माप चुकते. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्या भागातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळपास साठ अंश उंच सापडतो. दहा नंबरच्या पान्याने मी नट सैल केला आणि छत्री बोटाच्या पेराइतकी सरकवत राहिलो. आत आबा बॉक्स दाखवतो ती क्वालिटी, म्हणजे सिग्नल किती स्वच्छ आहे त्याचा आकडा, मोठ्याने वाचत होते: “पंधरा... चाळीस... गेलं, गेलं, माघारी घे... बासष्ट! आता हात लावू नगंस!” मी नट आवळला. डीडी स्पोर्ट्सवर सामना लागला होता. भारताचे सामने तिथे फुकट दिसतात याचे कारण २००७ चा कायदा. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण त्यानुसार दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावेच लागते.

भाचा तोवर फोन घेऊन वरच्या टेकाडावर गेला होता. रोहित शर्मा ४७ धावांवर ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडच्या हाती झेल देऊन परतला, आबांनी कपाळाला हात लावला आणि त्यानंतर अर्ध्या मिनिटाने टेकाडावरून हाक आली, “मामा, रोहित गेला!” थोड्या वेळाने तो खाली उतरला आणि आबांच्या शेजारी येऊन बसला. भारत २४० धावांत संपला, हेडने १३७ धावा केल्या आणि आपण हरलो. तरीही आबांनी शेवटचा चेंडू पडेपर्यंत जेवणाचे ताट हातात घेतले नाही. त्यानंतर वर्षभरात ते गेले. तो सामना त्यांनी अखंड पाहिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्या दिवशी सामना दाखवणाऱ्या ॲपवर एका वेळी ५ कोटी ९० लाख लोक होते आणि शहरांत ते व्यवस्थित चालले, हे मी नाकारत नाही. परंतु इंटरनेटवर प्रत्येक पाहणाऱ्याला चित्र स्वतंत्र पाठवावे लागते, आणि मोबाइलचा टॉवर उभा राहतो तो गिऱ्हाईक असेल तिथे. उपग्रहाचे चित्र पुण्यावर पडते तसेच चार घरांच्या वाडीवरही पडते. पाहणारे वाढले म्हणून ते अडखळत नाही. कोयनेच्या पलीकडच्या वाड्यांमध्ये मी स्वतः डोक्यावरून छत्र्या वाहून नेल्या आहेत. तिथली माणसे कोणाच्याही हिशेबात नव्हती, तरी त्यांच्या घरात बातम्या पोहोचत होत्या. ‘धंदा संपला’ असे म्हणणाऱ्याने हे एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढेच माझे भाच्याला तेव्हाही सांगणे होते.

खर्चाचे पाहायचे तर साध्या दर्जाच्या चित्राला तासाला साधारण एक जीबी आणि एचडीला तीन जीबीपर्यंत डेटा लागतो, म्हणजे रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये एक संपूर्ण सामनाही बसत नाही. फ्री डिशला महिन्याचे भाडे नाही. विजेचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे: लहान टीव्ही आणि बॉक्स मिळून पन्नास-साठ वॅट घेतात आणि शंभर अँपिअर-तासाची चांगली बॅटरी एक सामना सहज काढते. अमेरिकेत अशा काही गाड्यांच्या छतावर उपग्रह आपोआप शोधणारे घुमट बसवलेले असतात. आपल्याला त्याची गरज नाही, हात आणि पाना पुरतो. बॉक्सच्या पडद्यावर मात्र स्ट्रेंथ पाहून फसू नका. उपग्रह सापडलेला नसतानाही ती भरलेली दिसते. खरी असते ती क्वालिटी.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. जून ते सप्टेंबर कोयना-महाबळेश्वरकडे जात असाल तर मुसळधार सरीत छत्रीचे चित्र फुटते आणि सर ओसरेपर्यंत येत नाही. त्या दिवसांत माझा सल्ला तितकासा कामाचा नाही. गाडी धावत असताना छत्री चालत नाही. आई-वडिलांना ठरावीक खासगी वाहिनीवरचीच मालिका हवी असेल, तर ती फ्री डिशवर आहे का हे आधी पाहा. नसेल तर भाग घरच्या वायफायवर उतरवून न्या. पुणे-बंगळूरु महामार्गालगत, सातारा, कराड, कोल्हापूर अशाच मुक्कामांनी जाणार असाल, तर फोनवर निश्चिंत भागेल.

आणि केबल पंधरा मीटरची घ्या. उपग्रह उंचावर असल्यामुळे आपल्याकडे डोंगर सहसा आड येत नाही, आड येते ते झाड. आंब्या-फणसाच्या पानांतून सिग्नल पार होत नाही. गाडी मात्र दुपारी झाडाखालीच लावावी लागते. आमची केबल तेवढी लांब होती, म्हणून त्या दिवशी छत्री उन्हात राहिली आणि आबा सावलीत.