वाचकांचे प्रश्न : बंधाऱ्यावर किती फूट झालं?

पावसाळ्याच्या तोंडावर कोल्हापूर आणि परिसरातल्या व्यापारी-उद्योजकांकडून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं या वेळी घेतली आहेत. बहुतेकांचा रोख पुरावर आहे. वारा आणि उन्हाबद्दलही एक पत्र आहे. प्रत्येक पत्राखाली आमचं उत्तर आहे.

शाहूपुरीत किराणा मालाचं घाऊक दुकान आहे. २०२१ ला आत चार फूट पाणी होतं, २०१९ ला थोडं कमी. माल हलवायचा निर्णय नेमका कधी घ्यायचा? आणि शटरला वाळूची पोती लावून पाणी अडतं का?

पंचगंगेचं पाणी सांगून येतं. ढगफुटीच्या लोंढ्यासारखं ते एका तासात दारात उभं राहत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पातळी मोजतात. तिथं ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत ५६ च्या वर. हे आकडे सगळ्या गावाला पाठ आहेत, पण आपल्या उंबऱ्याचा आकडा फार थोड्यांनी काढलेला असतो. तो आज काढा. बंधाऱ्यावर ५६ असताना तुमच्या दुकानात चार फूट पाणी होतं, म्हणजे साधारण ५२ ला ते उंबऱ्याला लागतं. नदीची पातळी आणि गल्लीतली पातळी अगदी जोडीनं चढत नाहीत. शहरातून पंचगंगेला मिळणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी तुंबून मागे फिरतं, वरून पाऊस चालू असतो. म्हणून एक फूट कमी धरा. तुमचा आकडा ५१. तो शटरच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवा.

आता वेळेचा हिशोब. समजा ५० किलोची ३०० पोती आहेत. जिन्यानं वर चढवायची तर एक हमाल तासाला पंधराच्या आसपास पोती नेतो. चार हमाल असले तर पाच तास. पण त्या दिवशी अख्खी गल्ली हमाल शोधत असते आणि टेम्पोवाला तिप्पट भाडं सांगतो, म्हणून पाचाचे दहा तास धरा. रात्र मोजू नका. पाणी चढण्याचा वेगही स्वतः मोजा. बंधाऱ्याची पातळी दर तीन तासांनी वेळेसह वहीत लिहा. तासाला दोन इंच चढत असेल तर ४३ पासून ५१ पर्यंत ४८ तास मिळतात, तासाला चार इंच असेल तर २४. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि पाऊस थांबलेला नसला, तर आदल्या तीन तासांचा वेग पुढे टिकेल असं धरू नका.

आमचा सल्ला असा : ३९ ला यादी, दोऱ्या, ताडपत्री आणि टेम्पोचं बोलणं. ४३ ला साखर, मीठ, पीठ, गूळ हलवायला सुरुवात. हा माल पाण्याला नुसता लागला तरी गेला. डबाबंद तेल शेवटी. ४८ ला दुकान रिकामं, मेन स्विच बंद, मीटरपेटीजवळ कुणी नाही. ‘अजून दोन फूट बघू’ म्हणणाऱ्यांचाच माल दरवेळी भिजतो.

पोटमाळ्याबद्दल मात्र जपून. घराच्या हिशोबानं बांधलेला स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरतो. दहा बाय दहा फुटांच्या माळ्यावर हा भार १,८५० किलोच्या आसपास होतो, म्हणजे ५० किलोची ३७ पोती. अँगल आणि फळ्यांचा माळा असेल तर त्याहूनही कमी. तिथं शंभर पोती रचणारे लोक आहेत.

आता वाळूच्या पोत्यांचं गणितही करून बघा. आठ फुटांच्या शटरसमोर दोन फूट उंचीचा बांध टिकाऊ करायचा, तर तळाची रुंदी उंचीच्या तिप्पट लागते, म्हणजे सहा फूट. सिमेंटच्या पोत्यांत अर्धी वाळू भरून ती आडवी टाकून, खाली पाच ओळी आणि वर निमुळतं करत नेलं, तर ८० च्या आसपास पोती होतात. एकेक २० किलोचं धरलं तरी दीड टनावर वाळू झाली. शिवाय खाली प्लास्टिकचा जाड कागद न घालता रचली तर पाणी सांध्यातून झिरपतंच. पोतं गच्च भरू नका. गच्च भरलेलं गोल होतं आणि शेजारच्या पोत्याला चिकटून बसत नाही.

त्यापेक्षा दाराच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनेल पक्के करून त्यात रबरपट्टीसह सरकवायच्या फळ्या बऱ्या. पण आठ फुटांवर दोन फूट पाण्याचा रेटा साडेचारशे किलोच्या आसपास असतो. मधे उभा आधार नसेल तर १८ मिलिमीटरचा प्लायसुद्धा वाकतो. पाणी तीन फुटांवर गेलं की तोच रेटा एक टनापर्यंत जातो, आणि साध्या विटांच्या भिंतीला आत काहीच आधार नसेल तर भिंत पडण्याची भीती खरी आहे. दोन फुटांच्या वर पाणी येणार हे दिसलं की अडवणं सोडा, आत येऊ द्या.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. पाणी रस्त्यावरून येण्याआधी मोरीतून आणि संडासाच्या भांड्यातून वर येतं. गटाराच्या बाहेरच्या तोंडाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. तो नसेल तर भांड्यात चिंध्या भरलेली प्लास्टिकची पिशवी घट्ट कोंबून वर वाळूचं पोतं ठेवा. व्हॉल्व्हची झडप मे महिन्यात उघडून साफ करा. कचरा अडकलेली झडप अर्धीच मिटते, आणि अर्धी मिटलेली झडप काय कामाची?

शिरोलीच्या बाजूला वर्कशॉप आणि छोटी फाउंड्री आहे. मागच्या पुरात मोटारी, पॅनेल, सगळं भिजलं. पाणी ओसरल्यावर उन्हात वाळवून दोन मोटारी चालू केल्या, दोन्ही जळल्या. काय चुकलं?

ऊन बाहेरचं लोखंड वाळवतं, वाइंडिंगच्या, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या वेटोळ्यांच्या, आतली ओल नाही. पुराचं पाणी गाळाचं असतं, आणि गाळ ओल धरून ठेवतो. मोटार खोलून आधी स्वच्छ पाण्यानं, कमी दाबानं धुवायची. जोराचा फवारा मारला तर गाळ आणखी आत जातो. बेअरिंग काढून टाकायची, धुऊन ग्रीस भरून परत लावायची नाहीत. मग ८० ते ९० अंशांवर भट्टीत वाळवायची. भट्टी नसेल तर पत्र्याच्या पेटीत २०० वॉटचे बल्ब लावून आणि वर वाफेला भोक ठेवूनही काम होतं, वेळ जास्त लागतो एवढंच. दर चार तासांनी ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रानं) वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजा. सुरुवातीला आकडा खाली येतो. घाबरू नका, गरम झाल्यावर ओल वाइंडिंगभर पसरते म्हणून तसं होतं. नंतर तो चढतो आणि स्थिरावतो. ४१५ व्होल्टच्या मोटारीला पाच मेगओहमच्या वर स्थिर आकडा मिळाला की पुढे जा. एक मेगओहमच्या खाली असेल तर कुणी कितीही घाई केली तरी सप्लाय देऊ नका.

पॅनेलमधले पाण्यात बुडालेले एमसीबी, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले ही वीज जोडणारी-तोडणारी साधनं भंगारात टाका. वाळवले की ते चालल्यासारखे वाटतात, पण शॉर्टसर्किटच्या वेळी ट्रिप होतीलच याची खात्री उरत नाही. बसबार (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि केबलची टोकं साफ करून परत वापरता येतात. ड्राइव्ह, पीएलसी आणि सीएनसीचे कंट्रोल कार्ड हे मशीन चालवणारे इलेक्ट्रॉनिक भाग पूर येण्याआधी काढून न्यायच्या यादीत सगळ्यात वर हवेत. कुठली वायर कुठे होती, त्याचे फोटो काढून आणि वायरीला नंबर लावून मगच काढा. मशीनचे पॅरामीटर (सेटिंगचे आकडे) दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवा. कंट्रोलरची बॅटरी गेली की पॅरामीटर जातात, आणि मग धडधाकट मशीनसुद्धा इंजिनिअर येईपर्यंत उभं राहतं. रिकामी आणि अर्धवट भरलेली तेलाची पिंपं साखळीनं बांधा. ती तरंगत जाऊन काचा आणि पॅनेल फोडतात, आणि सांडलेलं तेल सगळ्या शॉपभर लागतं.

फाउंड्रीचं मात्र वेगळं आहे, तिथं माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी सापडलं तर त्याची वाफ होताना ते सोळाशे-सतराशे पट फुगतं आणि धातू उडवतं. म्हणून पाणी शेडपर्यंत येण्याच्या किमान २४ तास आधी शेवटचा हीट (धातू वितळवण्याची फेरी) घ्या आणि फर्नेस पूर्ण रिकामा करा. हीट संपला म्हणून फर्नेसभोवतीच्या कॉइलचं थंड पाणी लगेच बंद करायचं नसतं. लायनिंगमधली (फर्नेसच्या आतल्या अस्तरातली) उष्णता कितीतरी तास बाहेर पडत राहते. वीज गेली तरी हे पाणी चालू राहायला हवं. उंचावरच्या टाकीतून नुसत्या उतारानं पाणी येईल अशी जोडणी करा, आणि पंपाचा जनरेटर जमिनीवर न ठेवता उंच चौथऱ्यावर घ्या. फर्नेसखालचा खड्डा आणि सांडलेला धातू जमण्याचा खड्डा हे दोन्ही कोरडे आहेत का, हे प्रत्येक हीटआधी बघा. पूर असो वा नसो, जुलै-ऑगस्टात तिथं झिरपून पाणी साठतं.

भिजलेल्या लायनिंगवर धातू वितळवू नका. ते फोडून नव्यानं रॅमिंग करा (अस्तर ठोकून बसवा), ठरलेल्या वेळापत्रकानं सिंटर करा (तापवून घट्ट करा). त्याआधी कॉइलचं इन्सुलेशन आणि धातू कॉइलकडे झिरपल्याचा इशारा देणारा लीकेज डिटेक्टर तपासून घ्या. भंगारातल्या पोकळ पाइपांत आणि डब्यांत पाणी राहिलेलं असतं. ते भंगार शेडमध्ये पसरून सुकवून मगच फर्नेसमध्ये टाका.

बँकेनं कर्जासोबत काढलेला विमा आहे. तेवढा पुरेल का?

आधी पॉलिसीचं शेड्यूल (तपशिलाचं पान) पत्त्यासह वाचा. कर्जासाठी काढलेल्या पॉलिसीत बऱ्याचदा फक्त तारण ठेवलेला माल असतो, आणि तोही एकाच पत्त्यावरचा. तुम्ही पावसाळ्यात भाड्यानं घेतलेल्या दुसऱ्या गोडाऊनचा पत्ता त्यात नसेल तर तिथला माल विम्याबाहेर. जुन्या पद्धतीच्या फायर पॉलिसीत प्रीमियम कमी करण्यासाठी वादळ-पुराचं कलम वगळता येत असे. तुमच्याकडे तसं झालंय का, हे पहिल्यांदा बघा.

१ एप्रिल २०२१ पासून छोट्या व्यवसायांसाठी दोन ठरावीक पॉलिसी आहेत. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, त्यावर ५० कोटींपर्यंत असेल तर भारत लघु उद्यम सुरक्षा. १५ टक्क्यांपर्यंत विमा कमी पडला तर या पॉलिसीत तो दोष धरत नाहीत. त्यापुढे मात्र सरासरीचा नियम लागतो, म्हणजे विमा ज्या प्रमाणात कमी त्या प्रमाणात भरपाईही कमी, आणि पुष्कळांना तो क्लेमच्या वेळीच कळतो. उदाहरण घ्या. माल २० लाखांचा, विमा १० लाखांचा, नुकसान ६ लाखांचं. ‘१० लाखांच्या आत आहे, म्हणजे सहाच्या सहा मिळतील’ असं वाटतं. मिळतात ३ लाख, त्यातून वजावट (नुकसानीचा आपण सोसायचा भाग) वेगळी. विम्याची रक्कम सरासरी मालावर न ठरवता सर्वात भरलेल्या दिवसाच्या मालावर ठरवा. कोल्हापूरच्या बाजारात गणपतीच्या तोंडावर गोडाऊन भरतं, आणि पूरही त्याच महिन्यांत येतो. धंदा बंद राहिल्याचं नुकसान या मूळ पॉलिसीत येत नाही, त्याचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. आणि बंधाऱ्यावर ३९ झाल्यावर एजंटला फोन करू नका. तेव्हा उशीर झालेला असतो.

पूर आल्यावर भिंतीवरची पाण्याची खूण टेप लावून फोटोत घ्या. कंपनीला लगेच कळवा, पंचनाम्याची प्रत मागून घ्या. कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत ओला माल फेकू नका, चांगला आणि खराब वेगळा रचा. वास येतो म्हणून महापालिकेच्या गाडीत टाकलेला माल क्लेममध्ये सिद्ध करता येत नाही. खरेदीची बिलं आणि स्टॉकचं रजिस्टर दर आठवड्याला ऑनलाइन साठवा. ओल्या वह्यांच्या जोरावर क्लेमसाठी भांडणं फार कठीण जातं.

कोल्हापुरी चपलांचा साठा दमट हवेनं बुरसतो. पुराच्या पाण्यात भिजलेल्या जोड्या वाचतात का?

नैसर्गिक पद्धतीनं कमावलेलं चामडं आहे, ते हवेतली ओल ओढून घेतं. साठ्याच्या खोलीत आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांच्या खाली ठेवा. मोजायचं छोटं यंत्र महाग नसतं. जोड्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, कागदात गुंडाळा. रॅक भिंतीपासून सहा इंच पुढे घ्या. भिजलेल्या जोड्या स्वच्छ पाण्यात धुऊन, आकार टिकावा म्हणून कागदाचे बोळे लावून सावलीत पंख्याखाली वाळवा. उन्हात टाकल्या तर चामडं कडक होऊन चिरा पडतात. जवळजवळ सुकल्यावर तेलाचा हलका हात द्या. दोन दिवस पाण्यात राहिलेल्या, तळ सुटलेल्या जोड्यांवर वेळ घालवू नका.

गोकुळ शिरगावला पत्र्याची शेड आहे. वळवाच्या वाऱ्यात दोन पत्रे उडाले, आणि एप्रिलमध्ये आत उभं राहवत नाही.

पत्रा वरून ओढला जातो आणि आतून ढकललाही जातो. वाऱ्याच्या बाजूचं शटर उघडं राहिलं की आत दाब वाढतो. त्यामुळे वळीव दिसला की आधी ते शटर खाली. सर्वांत जास्त ओढ कडेला, कोपऱ्यांत आणि कण्यावर (छपराच्या माथ्यावर) असते. तिथल्या पन्हळीच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा, मधल्या भागात एकाआड एक चालतो. जुन्या हुकबोल्टांच्या नटांखालचे वायसर कुजलेले असतात. मार्चमध्ये ते बदला, वर शिडी लावून फळ्यांवरूनच चाला.

उन्हासाठी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग. तो लावण्याआधी गंज आणि धूळ घासून काढा, नाहीतर पहिल्याच पावसात पापुद्रे निघतात. कण्यावर टर्बो व्हेंट (वाऱ्यानं फिरून गरम हवा बाहेर काढणारे पंखे) बसवले तर खालून हवा आत यायला जाळीच्या खिडक्याही हव्यात. फक्त वरून भोकं पाडून हवा खेळत नाही. भट्टीजवळचं काम सकाळी ११ च्या आत आणि ४ नंतर ठेवा. कामगारांनी दर १५-२० मिनिटांनी एक पेला पाणी प्यावं, तहानेची वाट बघू नये. एखादा असंबद्ध बोलू लागला किंवा भोवळ येऊन पडला, तर त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्धीत तोंडात पाणी घालू नका.