आरोग्य प्रश्नोत्तरे : घास छातीत अडकतो तेव्हा

प्रश्न : माझे वय ३६ वर्षे आहे. गेली तीन वर्षे जेवताना घास छातीच्या मधोमध अडकतो. उभे राहून, खांदे मागे ताणून आणि वर पाणी पिऊन तो खाली ढकलावा लागतो. रात्री आडवे झाल्यावर खाल्लेले अन्न तसेच्या तसे तोंडात येते आणि ठसका लागून जाग येते. आम्लपित्ताच्या गोळ्यांचा उपयोग झाला नाही, दुर्बिणीच्या तपासणीत काही आढळले नाही आणि वजन मात्र नऊ किलोने उतरले. आता ‘अकॅलेशिया’ असे निदान झाले आहे. तरीही घरच्यांना हे मनाचे खेळ वाटतात. हा आजार आधी कसा सापडला नाही? मी पूर्वीसारखी जेवू शकेन का?

उत्तर : तुमचा आजार मनाचा नाही, हे आधी स्पष्ट सांगते. घास गिळला की अन्ननलिकेच्या स्नायूंची एक लाट वरून खाली सरकते आणि जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडते. हे काम जुळवून आणणाऱ्या, अन्ननलिकेच्या भिंतीतल्या मज्जापेशी अकॅलेशियात नष्ट होतात. त्यामुळे झडप मिटलेलीच राहते आणि अन्न वरच साचते. तुमच्या तोंडात येणारे अन्न जठरापर्यंत पोचलेलेच नसते, मग आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी फरक पडणार कसा? वर्षाला लाखात साधारण एखाद्यालाच नव्याने होणारा हा आजार असल्याने डॉक्टरांच्या मनातही आधी आम्लपित्तच येते. शिवाय दुर्बिणीतून अस्तर दिसते, स्नायूंचा दाब मोजला जात नाही. तो मोजते मॅनोमेट्री : नाकातून बारीक नळी घालून पाण्याचे छोटे घोट गिळायला लावतात. घास अडकत असताना दुर्बिणीत काही दिसले नाही, तर ही तपासणी मागून घ्यायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे.

मॅनोमेट्रीच्या अहवालात आजाराचा प्रकार १, २ की ३ लिहिला आहे, ते पाहा. उपचाराची निवड बरीचशी त्यावर ठरते. फुग्याने झडप ताणता येते, पण काहींना ते पुन्हा करावे लागते. झडपेचा स्नायू कापण्याची हेलर यांची शस्त्रक्रिया १९१३ पासूनची आहे आणि आता ती पोटावर लहान छिद्रे पाडून होते. जपानमध्ये इनोऊ यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘पोएम’ पद्धतीत हाच स्नायू तोंडावाटे दुर्बिणीने कापतात. तिसऱ्या प्रकारात ती विशेष उपयोगी पडते, मात्र नंतर आम्ल वर येण्याचा त्रास अधिक आढळतो. हे उपचार नेहमी करणाऱ्या पोटविकारतज्ज्ञांकडेच जा आणि त्यांनी असे किती रुग्ण हाताळले आहेत, हे विचारताना संकोच करू नका.

उपचाराने वाट मोकळी होते, गेलेल्या मज्जापेशी मात्र परत येत नाहीत. बहुतेकांना समाधानाने जेवता येते. तरी ताठ बसून, सावकाश चावून आणि अधूनमधून पाणी पिऊन जेवावे लागते, कारण आता अन्न मुख्यतः स्वतःच्या वजनाने खाली उतरते. रात्रीचे जेवण झोपेच्या किमान तीन तास आधी घ्या आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच ठेवा. ठसक्यानंतर ताप किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कोणत्याही कारणाने भूल घ्यायची वेळ आली, तर भूलतज्ज्ञांना हा आजार आधी सांगा, कारण उपाशी असतानाही अन्ननलिकेत अन्न उरलेले असू शकते आणि ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

बेरियमचा एक्स-रे काढला असेल, तर तो घरच्यांना उजेडासमोर धरून दाखवा. वर फुगलेली आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती झालेली अन्ननलिका त्यांना त्यात दिसेल.