‘ब्लॅक मिरर’ मालिकेत ऐकू येणारं ते जुनं इंग्रजी गाणं कोणाचं आहे? इतकी चांगली गायिका फारशी कुणाला माहीत कशी नाही?

तुम्ही विचारताय ते गाणं ‘एनीवन हू नोज व्हॉट लव्ह इज’. २०११ सालच्या ‘फिफ्टीन मिलियन मेरिट्स’ या भागात ॲबी नावाची मुलगी परीक्षकांसमोर उभी राहून ते गाते, आणि पुढच्या काही भागांतही ते कुठे ना कुठे कानावर पडतं. मूळ गाणं १९६४ चं, गायिका अर्मा थॉमस. आपल्याकडे काही जण ‘इर्मा’ लिहितात, पण तिकडे अर्माच म्हणतात. जन्म १८ फेब्रुवारी १९४१, लुईझियानातल्या पॉन्चटुला गावचा, आणि कर्मभूमी न्यू ऑर्लिन्स.

‘कुणाला माहीत कशी नाही’ हा प्रश्न न्यू ऑर्लिन्समध्ये विचारलात तर लोक तुम्हाला वेड्यात काढतील. तिथे ती ‘सोल क्वीन ऑफ न्यू ऑर्लिन्स’ आहे. त्या शहराबाहेर मात्र तुमचं म्हणणं खरं आहे. मलाही ती अशीच, सिनेमातूनच सापडली. पुण्यात एका फिल्म क्लबात जिम जार्मुशचा ‘डाउन बाय लॉ’ दाखवला होता. कृष्णधवल सिनेमा, लुईझियानाच्या दलदलीतून पळालेले तीन कैदी. शेवटाकडे रस्त्याकडेच्या एका घरात त्यांतला एक, रॉबर्टो बेनिन्यी, एका बाईबरोबर नाचतो. नाच म्हणजे काय, दोघं एकमेकांना धरून नुसते डुलतात. मागे ‘इट्स रेनिंग’ वाजतं. सिनेमा संपल्यावर सगळे चहाला गेले आणि मी मात्र पडद्यावर सरकणाऱ्या नावांत त्या गाण्याचं नाव शोधत बसले होते.

‘इट्स रेनिंग’ १९६२ चं. जेमतेम दोन मिनिटांचं. गाणं ॲलन टूसाँचं, पण तबकडीवर लेखक म्हणून नाव आहे ‘नेओमी नेव्हिल’. हे त्याच्या आईचं माहेरचं नाव, त्या काळात बरीच गाणी त्याने त्याच नावाने लिहिली. मिनिट नावाचं एक छोटं स्थानिक लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, होतं, त्याचा हा तरुण पियानोवाला, संगीतकार, संयोजक, सगळं काही. तालमी त्याच्या आईवडिलांच्या घरी, पुढच्या खोलीत व्हायच्या. अर्मा, अर्नी के-डो, बेनी स्पेलमन, ॲरन नेव्हिल, सगळी मंडळी तिथे जमायची आणि एकमेकांच्या गाण्यांत कोरस द्यायची. आज ज्याचं गाणं तो पुढे, उद्या तोच मागे. मला वाटतं त्या रेकॉर्डिंगमधली ऊब तिथून येते. मागचे आवाज भाड्याने आणलेले वाटत नाहीत, घरातलेच वाटतात.

हे गाताना ती २१ वर्षांची होती. पण त्या २१ मध्ये बरंच काही होऊन गेलं होतं. १४ व्या वर्षी पहिलं मूल, आणि विशी गाठेपर्यंत चार मुलं, दोन लग्नं. थॉमस हे आडनाव दुसऱ्या नवऱ्याचं. पिमलिको क्लबात ती वेट्रेस होती. मधेच टॉमी रिजलीच्या बँडबरोबर उभी राहून गायची. मालकाने कामावरून काढलं, कारण पगार टेबलं सांभाळायचा होता, गाण्याचा नव्हता. मग रिजलीनेच तिला रॉन लेबलकडे नेलं. पहिलं गाणं चांगलंच ठसकेबाज होतं: नवरा हवा तर घेऊन जा बाई, पण माझ्या माणसाच्या वाटेला जाऊ नकोस! १९६० मध्ये ते आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यादीत २२ व्या क्रमांकापर्यंत गेलं.

आता तुमच्या प्रश्नाचा मला जास्त आवडणारा भाग: साठ वर्षांनी हे ऐकावंसं का वाटतं?

याचं उत्तर मला आईने दिलं. तिला इंग्रजी येत नाही आणि सोल म्हणजे काय याच्याशी तिला देणंघेणं नाही. चिपळूणला, जुलैतली संध्याकाळ, बाहेर धो धो. ती अळूच्या देठांची सालं काढत बसली होती आणि मी मोबाईलवर ‘इट्स रेनिंग’ लावलं.

“काय म्हणते गं ही?”

“पाऊस पडतोय म्हणते. आणि तिचा माणूस घरी नाहीये.”

आईने दोन-तीन देठ सोलले. मग म्हणाली, “रडत नाहीये पण. रडून झालंय तिचं. तोंड धुऊन आल्यावर माणूस बोलतो ना, तसं गातेय.”

मी त्या गायिकेबद्दल बरंच वाचलंय, पण याच्याइतकं नेमकं मला कुठे मिळालं नाही. सोल म्हणजे ढोबळमानाने चर्चमधलं गॉस्पेल आणि बाहेरचं रिदम अँड ब्लूज यांची सोयरीक. अर्माही लहानपणापासून बॅप्टिस्ट चर्चमध्ये गात आलेली. या गायकीत भावना टिपेला नेऊन फोडायची रीत आहे. आवाज फाटला तरी चालतो, किंबहुना फाटलाच पाहिजे. अर्मा तसं क्वचितच करते. ती लयीच्या किंचित मागे राहते, समेवर यायची घाई करत नाही. ओळीचा शेवटचा शब्द ओढत बसत नाही, खाली ठेवून देते. वरच्या सुरात ताकद आहे हे आपल्याला कळतं, पण ती ताकद राखून ठेवलेली असते.

पटत नसेल तर एक प्रयोग करा. तिचं १९६३ चं ‘रुलर ऑफ माय हार्ट’ ऐका आणि लगेच ओटिस रेडिंगचं ‘पेन इन माय हार्ट’. दुसरं गाणं पहिल्यावरूनच बेतलेलं आहे, इतकं उघडपणे की पुढे श्रेयाचा वाद झाला आणि ते नेओमी नेव्हिलच्या, म्हणजे टूसाँच्या नावावर गेलं. ओटिस थोर गायक, त्याबद्दल वाद नाही. पण तो अक्षरशः हातापाया पडतो. शब्द तोडतो, अडखळतो, कळवळतो. अर्मा तीच विनवणी करते ती जवळजवळ बोलण्याच्या सुरात, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिल्यासारखी. ओटिसचं ऐकताना मला ओटिस दिसतो. तिचं ऐकताना मला माझ्या ओळखीच्या दोन-तीन बायका दिसतात.

मग प्रसिद्धी का नाही? ‘तिच्यावर अन्याय झाला’ हे उत्तर तुम्हाला सगळीकडे मिळेल. ते खोटं नाही, पण फार सरधोपट आहे. थोडे तपशील बघा. १९६३ मध्ये टूसाँ सैन्यात भरती झाला आणि मिनिट लेबल विकलं गेलं. अर्मा इम्पीरियल या लेबलकडे गेली, रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसला होऊ लागलं. तिथलं पहिलंच मोठं गाणं ‘विश समवन वुड केअर’, तिने स्वतः लिहिलेलं, १९६४ मध्ये बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या मुख्य यादीत १७ वं आलं. तिचं यादीतलं सर्वांत मोठं यश हेच. पण साल बघा. त्याच एप्रिलमध्ये एका आठवड्यात पहिल्या पाचही जागा बीटल्सने अडवल्या होत्या. त्यात नोव्हेंबर १९६३ च्या अखेरीपासून जानेवारी १९६५ पर्यंत बिलबोर्डने आर अँड बीची वेगळी यादीच छापली नाही. म्हणजे कृष्णवर्णीय श्रोत्यांमध्ये तिचं गाणं किती चाललं याची त्या साप्ताहिकात नोंदच नाही. आज कोणी जुन्या याद्या चाळून ‘साठच्या दशकातले मोठे कलाकार’ काढायला बसलं, तर तिचं सर्वांत चांगलं वर्ष नेमकं त्या भोकातून गळून पडतं.

तुमचं ‘ब्लॅक मिरर’मधलं गाणं त्याच वर्षीचं. लिहिणाऱ्यांत विशीतला रँडी न्यूमन होता, आणि जीनी सीली, जी तेव्हा लेबलच्या ऑफिसात सेक्रेटरी होती आणि पुढे कंट्री संगीतातलं मोठं नाव झाली. लोक मला मूर्ख म्हणतात, म्हणू देत, ज्याने प्रेम केलंय त्याला कळेल, असा आशय. कागदावर अगदीच बाळबोध. व्हायोलिनं आहेत, कोरस आहे, सगळा सरंजाम आहे. आणि मधे ही बाई अशी गाते की तिला कुणालाही काही पटवून द्यायचं नाहीये. ते ५२ व्या क्रमांकावर अडकलं.

त्या तबकडीच्या मागच्या बाजूला काय होतं? ‘टाइम इज ऑन माय साइड’. हो, रोलिंग स्टोन्सचं, मिक जॅगरच्या त्या ब्रिटिश बँडचं. म्हणजे स्टोन्सचं नव्हेच. जेरी रॅगोव्हॉयच्या या गाण्याची पहिली रेकॉर्ड काय विंडिंग या जॅझ ट्रॉम्बोनवाल्याची, १९६३ ची. तिच्यात शब्द असे फारसे नव्हतेच. अर्मासाठी जिमी नॉर्मनने कडवी लिहिली. मधला बोलण्याचा तुकडाही तिच्या रेकॉर्डमधला. स्टोन्सनी काही महिन्यांत तो सगळा ऐवज जसाच्या तसा उचलला आणि अमेरिकेत ते सहाव्या क्रमांकावर गेलं. मग हिने स्टेजवर ते म्हटलं की लोक म्हणायचे, अरे, ही स्टोन्सचं गाणं म्हणतेय. वैतागून तिने ते गाणंच कित्येक वर्षं सोडून दिलं. ‘विश समवन वुड केअर’च्या मागच्या बाजूला होतं ‘ब्रेकअवे’. १९८३ मध्ये ट्रेसी उलमनने ते ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर नेलं. अर्माच्या तबकड्यांची मागची बाजू म्हणजे इतरांसाठी उघडी तिजोरी होती म्हणा ना.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. १९६५-६६ मधली तिची काही गाणी पाकात बुडवून काढल्यासारखी आहेत. लॉस एंजेलिसवाल्यांना ती पॉप गायिका हवी होती की सोल, हे त्यांचं त्यांनाच ठरवता आलं नाही. १९६७ मध्ये चेस लेबलने तिला अलाबामात मसल शोल्सला नेलं, तेव्हा आवाज पुन्हा मोकळा झाला. तिथे तिने ‘गुड टू मी’ गायलं, आणि ते गाणं कोणाचं, तर ओटिस रेडिंगचं! फिटंफाट. पण तोवर सोल गायिका अरेथा फ्रँकलिन आली होती, आणि अरेथा आल्यावर बाकी सगळ्यांची इयत्ता बदलली. १९६९ मध्ये कॅमिल वादळाने किनाऱ्यावरचे क्लब उद्ध्वस्त केले, कामं संपली. ती कॅलिफोर्नियाला गेली आणि मॉन्टगोमेरी वॉर्डच्या दुकानात नोकरीला लागली. वीकेंडला गायची. सत्तरच्या दशकाच्या मध्यात परत न्यू ऑर्लिन्सला आली, पुढे स्वतःचा क्लबही काढला. २००५ मध्ये कॅट्रिना वादळाने तो बुडवला आणि घरही. त्यानंतरचा ‘आफ्टर द रेन’ हा अल्बम, त्याला २००७ मध्ये ग्रॅमी. तिची पहिली ग्रॅमी, वयाच्या ६५ व्या वर्षी.

(इथे एक खासगी गोष्ट. २०२१ च्या जुलैत चिपळूणला आमच्याही खालच्या मजल्यावर पाणी आलं. गाळ उपसायला आठ दिवस लागले. त्यानंतर वर्षभर मी ‘इट्स रेनिंग’ लावलं नाही. ‘आफ्टर द रेन’ मात्र बरेचदा लावलं.)

तर टिकण्याचं कारण. आवाजाचं तर झालंच, पण मला दुसरंही एक वाटतं. काही गाणी गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या हॉलवर, रिक्षात वाजून वाजून गुळगुळीत होतात. चांगली असतात, पण आता ती ऐकूच येत नाहीत. अर्माची गाणी कुणी गुळगुळीत केली नाहीत. जार्मुशच्या सिनेमात एक, ‘ब्लॅक मिरर’मध्ये एक, अशी ती अधूनमधून एकेकट्या माणसाला भेटतात, आणि त्या माणसाला वाटतं की ही आपल्यालाच सापडली. तुम्हाला नाही का तसं वाटलं? नाहीतर प्रश्न कशाला विचारला असतात!

ऐकायची असतील तर आधी मिनिटच्या काळातली घ्या: ‘क्राय ऑन’, ‘इट्स रेनिंग’, ‘रुलर ऑफ माय हार्ट’. मग ‘विश समवन वुड केअर’ हा १९६४ चा अख्खा अल्बम. मोबाईलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा. ‘रुलर’मध्ये पहिल्या ओळीनंतर ती जी क्षणभर थांबते तिकडे लक्ष ठेवा.

बाकी त्या ‘टाइम इज ऑन माय साइड’चं पुढे काय झालं तेही सांगते. २ मे २०२४ ला न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ फेस्टमध्ये रोलिंग स्टोन्सनी तिला स्टेजवर बोलावलं आणि ते गाणं तिच्याबरोबर म्हटलं. ती ८३ वर्षांची, आवाज थोडा जाड झालेला, पण घाई अजूनही नाही. मी ती क्लिप आईला दाखवली. आईने चष्मा वर करून मोबाईल जवळ घेतला.

“हिला ओळखलं मी. ती पावसाची. पण हा हडकुळा कोण गं मध्ये मध्ये नाचतोय?”