बड्या टेक कंपनीची कोणती चूक पाहून शेअर विकावा?

तुम्ही विचारले आहे की मायक्रोसॉफ्ट, इंटेल, मेटा यांसारख्या कंपन्या एकेका फसलेल्या निर्णयात अब्जावधी डॉलर पाण्यात घालतात, मग त्यांचे शेअर सांभाळून बसलेले लोक कशाच्या भरवशावर बसतात; आणि तुमच्याकडे नॅस्डॅक १०० चा, म्हणजे अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारातील शंभर मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचा, फंड व मेटाचे थोडे शेअर असल्यामुळे अशी बातमी आली की विकून मोकळे व्हावे का. मी सेबीकडे नोंदणी केलेला सल्लागार नाही. पुण्यात बसून अमेरिकी कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचणारा आणि त्यांत स्वतःचे पैसे ठेवणारा एक साधा भागधारक आहे, आणि माझे मत असे की पैसे उधळून केलेली चूक बड्या कंपनीला बहुधा पचते, पण मुख्य धंद्याकडे वेळेवर लक्ष न दिल्याची चूक पचत नाही. गंमत अशी की ही दुसरी चूक घडत असताना भागधारक बहुतेक वेळा खूश असतात.

पहिल्या प्रकाराचे उत्तम उदाहरण म्हणजे मुख्य कार्यकारी स्टीव्ह बाल्मर यांच्या काळातील मायक्रोसॉफ्ट. २००७ मध्ये कंपनीने अ‍ॅक्वान्टिव्ह ही ऑनलाइन जाहिरातींची कंपनी सुमारे ६.३ अब्ज डॉलरना घेतली आणि जुलै २०१२ मध्ये त्यांपैकी ६.२ अब्ज डॉलर निर्लेखित केले, म्हणजे जवळजवळ सगळीच किंमत बुडीत खाती गेली. त्यामुळे शेअर बाजारात आल्यापासून प्रथमच मायक्रोसॉफ्टला एका तिमाहीत तोटा दाखवावा लागला. पुढच्या वर्षी सरफेस आरटी या टॅब्लेटचा पडून राहिलेला साठा ९० कोटी डॉलरनी कमी दाखवण्याची वेळ आली, आणि तरीही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नोकियाचा मोबाइल व्यवसाय पेटंट परवान्यांसह ५.४४ अब्ज युरोंना घेण्याचा करार झाला. हा व्यवहार एप्रिल २०१४ मध्ये पूर्ण होईपर्यंत सत्या नाडेला सूत्रे हाती घेऊन बसले होते. जुलै २०१५ मध्ये त्यांनी या खरेदीपोटी ७.६ अब्ज डॉलर निर्लेखित केले आणि ७,८०० पदे कमी केली.

हे आकडे वाचून छातीत धस्स होते, म्हणून निर्लेखन म्हणजे काय ते नीट पाहायला हवे. एखादी कंपनी तिच्या मोजता येणाऱ्या मालमत्तेपेक्षा बऱ्याच जास्त किमतीला विकत घेतली की वरची सगळी रक्कम खरेदीदाराच्या ताळेबंदात ‘गुडविल’ या नावाने बसते. पुढे अपेक्षेएवढी कमाई होणार नाही हे मान्य करावे लागले की ती रक्कम खोडली जाते आणि तेवढा तोटा नफा-तोटा पत्रकात उतरतो. त्या दिवशी तिजोरीतून एक डॉलरही बाहेर जात नाही. तो खरेदीच्या दिवशीच गेलेला असतो. २०१२ च्या त्या तिमाहीत मायक्रोसॉफ्टने दाखवलेला तोटा सुमारे ४९ कोटी डॉलरचा होता. त्यातून ६.२ अब्जांचा बोजा बाजूला काढला, तर विंडोज आणि ऑफिस यांच्या जोरावर कंपनी भरघोस नफ्यात होती. म्हणून निर्लेखनाची बातमी आली की मी आधी रोख प्रवाहाचे पान उघडतो.

बाल्मर यांच्याबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. आज कंपनी ज्या अ‍ॅझ्युअर या क्लाउड सेवेच्या बळावर उभी आहे, ती सेवा त्यांच्याच कारकिर्दीत, २०१० मध्ये, ग्राहकांसाठी खुली झाली. आणि त्यांची कदाचित सर्वांत मोठी चूक तर समोरच्यांनीच टाळली, कारण २००८ मध्ये त्यांनी याहूसाठी ४४.६ अब्ज डॉलर देऊ केले होते आणि याहूच्या संचालक मंडळाने ते नाकारले. २०१७ मध्ये याहूचा मुख्य व्यवसाय व्हेरायझनला ४.४८ अब्ज डॉलरना विकला गेला. याहूकडील अलीबाबाचा हिस्सा वेगळा मोजावा लागेल हे मान्य, तरी तो नकार मायक्रोसॉफ्टच्या भागधारकांच्या पथ्यावर पडला यात शंका नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये बाल्मर यांनी निवृत्ती जाहीर केली त्या दिवशी शेअर सुमारे ७ टक्क्यांनी चढला, यातून बाजाराला काय वाटत होते ते दिसतेच.

ह्यूलेट-पॅकार्डने २०११ मध्ये ऑटोनॉमी ही ब्रिटिश कंपनी सुमारे ११ अब्ज डॉलरना घेतली आणि वर्षभरातच, नोव्हेंबर २०१२ मध्ये, ८.८ अब्ज डॉलर निर्लेखित केले. तिथेही पैसे गेलेच, पण मायक्रोसॉफ्टसारखा नफ्याचा झरा पाठीशी नव्हता, संगणक आणि प्रिंटर यांचा धंदा आधीच थकला होता, म्हणून घाव खोल गेला. म्हणजे चुकीचा आकडा पाहताना तो कोणत्या धंद्यावर पडला हेही पाहावे लागते.

आता इंटेल. या कंपनीने २००६ मध्ये मोबाइल उपकरणांसाठीच्या एक्सस्केल चिपचा व्यवसाय मार्व्हेलला ६० कोटी डॉलरना विकला, आणि पुढच्याच वर्षी आयफोन आला. तेव्हाचे प्रमुख पॉल ओटेलिनी यांनी २०१३ मध्ये एका मुलाखतीत मान्य केले की आयफोनच्या चिपचे काम इंटेलकडे चालून आले होते, पण अ‍ॅपल देत असलेला दर अंदाजित उत्पादन खर्चापेक्षा कमी वाटल्याने ते घेतले नाही. खर्चाचा अंदाज चुकीचा निघाला आणि खप कुणालाही वाटले नव्हते इतका मोठा झाला. या नकारामुळे कुठलेही निर्लेखन झाले नाही, कुठला मथळा झाला नाही, आणि त्या वर्षीचा नफा तर चांगलाच दिसला. जे काम घेतलेच नाही त्याचा तोटा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, हीच या चुकीची अडचण आहे.

त्याहून मोठे प्रकरण पुढे घडले. अत्यंत सूक्ष्म रेषा कोरणाऱ्या ईयूव्ही यंत्रांच्या विकासाला हातभार म्हणून इंटेलने २०१२ मध्ये नेदरलँड्समधील एएसएमएल या कंपनीत ४.१ अब्ज डॉलर घालण्याचे जाहीर केले होते. पण तेच तंत्र मोठ्या उत्पादनात वापरायला तैवानची चिप बनवणारी टीएसएमसी २०१९ मध्येच पुढे आली आणि इंटेलला त्यासाठी २०२३ उजाडले. दरम्यान इंटेलची १० नॅनोमीटरची चिपनिर्मिती प्रक्रिया (हा आकडा जितका लहान तितकी चिप पुढच्या पिढीची) काही वर्षे रखडून २०१९ मध्ये कशीबशी मार्गी लागली, आणि जुलै २०२० मध्ये ७ नॅनोमीटरलाही उशीर होणार असे जाहीर होताच शेअर एका दिवसात सुमारे १६ टक्के पडला. आणि याच काळात, २०१८ ते २०२० या तीन वर्षांत, इंटेलने स्वतःचे शेअर परत विकत घेण्यावर ३८ अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला. १९९० पासूनची बेरीज केली तर शेअर पुनर्खरेदीवर गेलेली रक्कम सुमारे १५२ अब्ज डॉलर भरते.

येथे घाई करून निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल, कारण इंटेल त्या वर्षांतही संशोधनावर दरवर्षी १३ अब्ज डॉलरहून अधिक खर्च करत होती. केवळ पुनर्खरेदीमुळे कारखाने मागे पडले असे मी म्हणत नाही. मला त्या खर्चात दिसतो तो व्यवस्थापनाचा समज: आपली आघाडी कायम आहे, घोळ तात्पुरता आहे, आणि उरलेला पैसा वाटून टाकायला हरकत नाही. त्या वेळी विश्लेषकांनी आणि आम्हा भागधारकांनी हा समज आनंदाने उचलून धरला. प्रति शेअर नफा वाढत होता आणि लाभांश येत होता, मग तक्रार कशाची करायची? ऑगस्ट २०२४ मध्ये हिशेब पुढ्यात आला. तिमाहीत १.६ अब्ज डॉलरचा तोटा, १५ टक्के कर्मचारी कपात आणि १९९२ पासून अखंड चालत आलेला लाभांश बंद, हे एकाच दिवशी जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवशी शेअर २६ टक्के कोसळला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डाऊ जोन्स निर्देशांकातील इंटेलची जागा एनव्हिडियाने घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने कंपनीतील सुमारे १० टक्के हिस्सा घेतला, तो २०.४७ डॉलर प्रति शेअर या दराने. पुनर्खरेदीच्या त्या तीन वर्षांत कंपनीने स्वतःचे शेअर याच्या दुपटीहून जास्त किमतीला परत घेतले होते. त्यानंतर भाव बराच सावरला आहे, पण मधली वर्षे काही परत येत नाहीत.

तुमच्याकडील मेटाचे प्रकरण या दोन्हींहून निराळे आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकने नाव बदलून मेटा केले आणि मेटाव्हर्सचा, म्हणजे संगणकाने उभारलेल्या आभासी जगाचा, ध्यास घेतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये शेअर एका दिवसात २६ टक्के पडला आणि २३० अब्ज डॉलरहून अधिक बाजारमूल्य नाहीसे झाले. नोव्हेंबरमध्ये भाव ९० डॉलरच्या खाली गेला आणि ११,००० जणांना घरी पाठवण्यात आले. त्या वर्षी मेटाव्हर्सचे काम पाहणाऱ्या रिअ‍ॅलिटी लॅब्ज या विभागाचा तोटा १३.७ अब्ज डॉलर होता. पुढच्या वर्षी शेअर जवळजवळ तिप्पट झाला, तेव्हा अनेकांनी लिहिले की कंपनीचे प्रमुख मार्क झकरबर्ग यांनी चूक सुधारली. आकडे तसे सांगत नाहीत. त्या विभागाचा तोटा २०२३ मध्ये १६.१ अब्ज आणि २०२४ मध्ये १७.७ अब्ज डॉलर झाला, म्हणजे तो खर्च वाढतच गेला. सावरला तो जाहिरातींचा धंदा, आणि बाकीच्या खर्चाला कात्री लागली. बाजाराने चूक माफ केली, कारण मुख्य गाडी पुन्हा रुळावर आली.

मेटाबाबत मला खटकते ते दुसरेच. झकरबर्ग यांच्याकडील विशेष शेअरांना प्रत्येकी १० मते आहेत आणि त्यामुळे निम्म्याहून अधिक मताधिकार त्यांच्या एकट्याच्या हाती आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये एका शेअरला एक मत होते, म्हणून १ टक्क्याच्या आसपास हिस्सा असलेल्या व्हॅल्यूअ‍ॅक्ट या फंडाला संचालक मंडळात जागा मिळवता आली. मेटाच्या बाबतीत नाराज भागधारकाकडे विकून बाहेर पडण्याखेरीज काहीच उपाय उरत नाही. असे शेअर घेताना आपण धंद्याइतकाच एका माणसाच्या विवेकावर पैसा लावतो, हे उघड्या डोळ्यांनी स्वीकारावे.

चूक लपवणे हा प्रकार मात्र मी या सगळ्यापासून वेगळा ठेवतो आणि तिथे वाट पाहत नाही. आपल्याकडील सत्यमचे उदाहरण अजून पुरेसे बोलके आहे. डिसेंबर २००८ मध्ये प्रवर्तक कुटुंबाच्या मेटास या बांधकाम कंपन्या १.६ अब्ज डॉलरना घेण्याचा घाट संचालक मंडळाने मंजूर केला आणि गुंतवणूकदार खवळल्यावर काही तासांत तो मागे घ्यावा लागला. जे त्याच दिवशी बाहेर पडले ते वाचले. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात सत्यमचे संस्थापक रामलिंग राजू यांनी कबूल केले की ताळेबंदातील ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते, आणि त्या तिमाहीत दाखवलेला महसुलाच्या २४ टक्क्यांचा नफा प्रत्यक्षात ३ टक्के होता. नातेवाइकांच्या कंपन्यांशी मोठे व्यवहार किंवा बँकेत पडलेल्या रोकडीच्या मानाने फार कमी व्याज, असे काही दिसले की खुलासा ऐकायला मी थांबत नाही.

कंपनीचे काहीही न चुकता गुंतवणूकदाराचेच चुकते, असेही घडते. नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्कोचा शेअर मार्च २००० मध्ये ८० डॉलरच्या आसपास होता. नंतर कंपनी मोडली नाही, वर्षानुवर्षे नफा कमावत राहिली, पण तो भाव पुन्हा गाठायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. नॅस्डॅक कंपोझिट निर्देशांकालाही २००० चा उच्चांक ओलांडायला २०१५ उजाडले होते.

यावरून तुमच्या फंडाचे सांगायचे तर, एखाद्या कंपनीच्या चुकीची बातमी वाचून तो विकण्यात अर्थ नाही. तिथे घसरणाऱ्या कंपनीचे वजन आपोआप कमी होते आणि वर येणारीचे वाढते. तुम्हाला भीती बाळगायचीच असेल तर ती भावपातळीची बाळगा. मेटाच्या शेअरांचे मात्र तुम्हालाच पाहावे लागेल, आणि तिथे आता पाहायची गोष्ट मेटाव्हर्स नसून कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारली जाणारी डेटा सेंटर आहेत. २०२४ मध्ये कंपनीचा भांडवली खर्च सुमारे ३९ अब्ज डॉलर होता आणि त्यानंतर तो झपाट्याने वाढला आहे. हा खर्च निर्लेखनाच्या उलट वागतो: पैसे आज जातात, पण नफा-तोटा पत्रकात तो घसाऱ्याच्या रूपाने पुढील अनेक वर्षे हळूहळू उतरतो, त्यामुळे सध्या नफा जितका दिसतो तितकी रोकड हाती उरत नाही. म्हणून पुढील तिमाही निकाल आले की निव्वळ नफ्याच्या ओळीवर न थांबता कामकाजातून आलेली रोख वजा भांडवली खर्च एवढे गणित कागदावर मांडा, आणि त्याच्या शेजारी घसारा व जाहिरात महसूल यांच्या वाढीचे दर लिहा. काही तिमाही सलग घसारा महसुलापेक्षा वेगाने वाढताना आणि उरणारी रोकड आटताना दिसली, तर मी तरी माझा हिस्सा निम्म्यावर आणीन. तोवर मथळ्यांवरून विकणार नाही.