पुंज म्हणजे ढीग, मग एकटा फोटॉन 'पुंज' कसा?

प्रश्न असा आलाय. आपल्या बारावीतल्या पोरीला फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट, म्हणजे प्रकाश पडला की धातूतनं इलेक्ट्रॉन सुटतात तो प्रकार, मराठीतनं समजावताना एका ताईंनी क्वांटमला 'पुंज' म्हटलं, तर पोरगी म्हणाली अगं आई पुंज म्हणजे ढीग ना, तारकापुंज म्हणतो तेव्हा खंडीभर तारे असतात, मग एकट्या फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या एका क्वांटमला, पुंज कशाला, सरळ प्रकाशकण म्हणूया की.

पोरगी चुणचुणीत आहे आणि निम्मी बरोबरपण आहे. पुंज म्हणजे रास, संस्कृतातही तेच. पण घोळ पुंजमध्ये नाही, क्वांटममध्ये आहे, कारण आपण सगळे धरून चाललोय की क्वांटम म्हणजे काहीतरी बारीक. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नुसता 'किती', आणि जर्मनमध्ये मात्रा, वाटा असा. आइन्स्टाईननं १९०५ मध्ये प्रकाशाबद्दल तो वापरला तो याच अर्थानं, ऊर्जेचा एक अख्खा वाटा, जो तयार होतो तोही पूर्ण आणि शोषला जातो तोही पूर्ण. लहान की मोठा हा मुद्दाच नाही, फुटत नाही हा मुद्दा आहे. या अर्थानं पुंज चालून जातो, पुस्तकात 'पुंजयामिकी' वगैरे रुळलंयच.

आता मला विचाराल तर आपल्या कोल्हापुरात याच्यापेक्षा झकास शब्द पडून आहे, रवा. शिऱ्याचा रवा म्हणजे दाणा, आणि मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तिथं रवा म्हणजे अख्खी ढेप, दहा किलोची, तीस किलोचीसुद्धा. एकच शब्द, दाण्यालाही आणि ढेपेलाही! तर समजा प्रकाश असा रव्यांनी येतो आणि रव्याचं वजन, म्हणजे इथं त्याची ऊर्जा, रंगावर ठरतं, लाल प्रकाशाचा रवा लहान, जांभळ्याचा मोठा, दिवा मोठा केला की रवे जास्त येतात पण एकेक रवा काही वजनानं वाढत नाही. सोडियमच्या पत्र्यातनं एक इलेक्ट्रॉन सोडवायला साधारण २.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं एक बारीक माप) लागतात, यालाच पुस्तकात वर्क फंक्शन म्हणतात. लाल रवा १.८ च्या आसपासचा, म्हणजे लाल झोत कितीही भगभगीत मारा, इलेक्ट्रॉन ढिम्म, कारण एका इलेक्ट्रॉनला एका वेळी एकच रवा, दोन जोडून घ्यायची सोय नाही. जांभळा प्रकाश मिणमिणता का असेना, त्याचा रवा ३.१ चा, इलेक्ट्रॉन लगेच सुटतो आणि वरचे उरलेले जास्तीत जास्त ०.८ घेऊन पळतो. जस्ताला तर ४.३ लागतात, तिथं डोळ्याला दिसणारा कुठलाच रंग पुरत नाही, अतिनीलच पाहिजे.

लेनार्ड या शास्त्रज्ञानं प्रयोग करून १९०२ मध्येच बघितलं होतं की प्रकाशाचा जोर वाढवला तर इलेक्ट्रॉन जास्त सुटतात पण त्यांची ऊर्जा वाढत नाही. प्रकाश म्हणजे लाट या हिशोबात हे बसत नव्हतं, लाट जोरात आली तर धक्काही जोरात बसायला पाहिजे ना. मिलिकन या दुसऱ्या शास्त्रज्ञानं नंतर वर्षानुवर्षं मोजमाप करून १९१६ पर्यंत आइन्स्टाईनचं समीकरण, म्हणजे वरची रवा वजा वर्क फंक्शन ही वजाबाकी, खरं करून दाखवलं, आणि गंमत बघा, तरी त्यामागची पुंजाची कल्पना त्याला पटलेली नव्हती.

मग 'प्रकाशकण' का नको? चूक नाही म्हणत मी, पण कण म्हटलं की डोळ्यापुढं धूळ येते, आकार असलेली, वजन असलेली, अमुक जागी पडलेली. फोटॉनला स्थिर वस्तुमान नाही, तो आत्ता इथं आहे असं बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि दोन फटींतनं एकेक करून सोडले तरी शेवटी पडद्यावर पट्टे लाटेसारखेच उमटतात. अंबाबाईच्या किरणोत्सवात आपण म्हणतो किरणं मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत आली, कमरेपर्यंत आली, तिथं कण कुणाला दिसतोय, एक वॅट हिरव्या प्रकाशात सेकंदाला जवळपास ३ वर १८ शून्यं इतके फोटॉन असतात. म्हणून 'प्रकाशाचं कणस्वरूप' हा शब्द मला आवडतो, त्यातलं 'स्वरूप' शहाणं आहे, कण 'आहे' असं म्हणत नाही, देवाणघेवाण करताना कणासारखा वागतो एवढंच म्हणतं.

बाकी 'फोटॉन' हा शब्द आइन्स्टाईनचा नाही हे पोरीला सांगा. तो प्रकाशाचा क्वांटम म्हणायचा. फोटॉन हे नाव गाजवलं लुईस या केमिस्ट्रीवाल्यानं, १९२६ मध्ये, आणि त्याच्या मनात होता एक वेगळाच पदार्थ जो तयारही होत नाही नष्टही होत नाही. त्याची ती कल्पना टिकली नाही, नाव तेवढं टिकलं. तेव्हा वस्तूला फोटॉन, ऊर्जेच्या वाट्याला पुंज आणि वागण्याला कणस्वरूप, माझं तरी असं चालतं.

जाता जाता, हल्ली 'प्रकाशविद्युत प्रभाव' असं दिसायला लागलंय ते हिंदीतनं आलंय. मराठीत प्रभाव पुढाऱ्याचा पडतो, इफेक्टला आपण परिणामच म्हणतो, तेव्हा 'प्रकाशविद्युत परिणाम' लिहा.