गेममधल्या नावासाठी मराठी शब्द: ‘दावानल’ अडतो, ‘मुंगूस’ चालतो

प्रश्न असा आहे: ऑनलाइन गेममध्ये खाते उघडताना ‘दावानल’ हे नाव टाकले, तर अयोग्य शब्द म्हणून ते नाकारले गेले. इतक्या चांगल्या शब्दात अयोग्य काय आहे? आणि त्याऐवजी ‘वादळ’ घ्यायचे ठरवले, तर रोमन लिपीत व्ही लिहावा की डब्ल्यू?

अडचण ‘अनल’मध्ये आहे. दाव म्हणजे रान, अनल म्हणजे अग्नी. रोमनमध्ये मात्र शेवटची चार अक्षरे ए-एन-ए-एल अशी लागतात, आणि इंग्रजीत तो गुदद्वाराशी संबंधित शब्द होतो. शिव्या गाळणाऱ्या फिल्टरला अर्थ कळत नाही, तो फक्त सलग अक्षरे तपासतो. १९९६ साली इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खाती उघडता येईनात, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक शिवी होती. या प्रकाराला आजही त्या गावाच्याच नावाने ओळखतात. आपल्याकडे याचा फटका ‘क्षित’ने संपणाऱ्या शब्दांना बसतो: दीक्षित, अक्षित, सुरक्षित. त्यांच्या शेवटी एस-एच-आय-टी येते. ‘अनल’मुळेच ‘वडवानल’ही सोडा. ए-च्या जागी ४ लिहून फिल्टरला चकवायला जाऊ नका. तसे केले की मूळ शब्द निर्दोष असूनही हेतूच वाईट वाटतो, आणि पुढे कुणी तक्रार केली तर नाव सक्तीने बदलावे लागू शकते. ‘दावानल’च्याच अर्थाचा ‘वणवा’ हा घरचा शब्द आहे, तो घ्या.

फिल्टरमधून सुटलेला शब्दही वाचताना फसू शकतो. ‘बाण’ रोमनमध्ये बी-ए-एन होतो आणि गेमच्या जगात त्याचा एकच अर्थ लागतो: बॅन, म्हणजे खात्यावर बंदी. ‘रानगवा’ हे नाव दणकट आहे, पण सगळी अक्षरे लहान लिहिली की ते ‘रंगवा’ असे वाचले जाते. तिथे ‘गवा’चा जी मोठा लिहिला तर जोड दिसतो. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर मात्र २०२३पासूनच्या नव्या पद्धतीत वापरकर्त्याचे नाव लहान अक्षरांतच राहते, त्यामुळे तिथे मध्ये अंडरस्कोर किंवा टिंब द्यावे लागते.

आता ‘वादळ’. मराठी आडनावांत ‘वा’साठी डब्ल्यू चांगला रुळला आहे (वाघ, वानखेडे), तर ‘वि’, ‘वी’साठी व्ही. त्यामुळे दोन्ही बरोबर, आणि खरी पंचाईत तीच आहे. मित्र तुम्हाला शोधताना एक लिहील, तुमचे खाते दुसऱ्या अक्षराने असेल. शिवाय डी-चा उच्चार द की ड, हे अमराठी खेळाडूला कळणार नाही आणि ळ-चा तर ल होणारच. ‘वडाल’ असे कुणी वाचले तर नवल नाही. एका छोट्या शब्दात तीन ठिकाणी फाटे फुटतात. ‘झुंजार’चेही तसेच: मराठी माणूस झेडने लिहितो, हिंदी भाषक जे-एच शोधतो. व, झ, ळ आणि द-ड, त-ट या जोड्या जितक्या कमी, तितके नाव पक्के.

या कसोटीवर माझी पहिली पसंती ‘मुंगूस’. एम-यू-एन-जी-यू-एस, सहा अक्षरे. दोन ठोक्यांत हाक मारता येते, आणि इंग्रजीतला ‘मंगूस’ मराठीतूनच गेलेला असल्याने परदेशी खेळाडूलाही चटकन उमगते. ‘तरस’ही सुटसुटीत आहे, फक्त हिंदी साथीदाराला तो ‘दया’ या अर्थी ऐकू येईल. ‘ससाणा’ तीन ठोक्यांचा, पण ऐकायला स्वच्छ.

छोटे नाव आधीच कुणीतरी घेतलेले असण्याची शक्यता मोठी. तेव्हा मागे जन्मसाल लावू नका, त्यातून वय उघड होते. दुसरा शब्द जोडा: ‘रानमुंगूस’. माइनक्राफ्टमध्ये ३ ते १६ अक्षरे चालतात, रोब्लॉक्सवर ३ ते २०, म्हणजे जागा पुरते. व्हॅलोरंटमध्ये नावापुढे ३ ते ५ अक्षरांचा टॅग असतो आणि तो वेगळा असला की तेच नाव दोघांना मिळू शकते. तिथे कोल्हापूरकर ‘एमएच०९’ लावू शकतो, चार अक्षरांत बसते. जिल्हा कळलेला चालत असेल तरच.

देवाचे किंवा इतिहासातल्या वंदनीय व्यक्तीचे नाव घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. अमुक मारला गेला, अशी ओळ पडद्यावर दर सामन्यात येते आणि त्यावर शेरेही पडतात.

थेट देवनागरीत लिहायचे तर स्टीमच्या प्रोफाइलवर चालते, माइनक्राफ्टमध्ये नाही. जिथे चालते तिथेही गेमच्या फॉन्टला अक्षरजोडणी जमेलच असे नाही. ‘बिबट्या’ अशा ठिकाणी मोडतो: पहिली वेलांटी ब-च्या उजवीकडे जाऊन बसते, ‘ट्या’मधला हलन्त उघडा पडतो. ‘वादळ’ मात्र शाबूत राहतो, कारण त्यात ना ऱ्हस्व वेलांटी, ना जोडाक्षर. लांबीची मोजणीही निराळी. काना, मात्रा, अनुस्वार स्वतंत्र धरले जातात, त्यामुळे तीन अक्षरी ‘झुंजार’ सहा चिन्हांचा भरतो.

राहिले व्याकरण. ‘वादळ’ नपुंसकलिंगी, पण नाव म्हणून घेतला की क्रियापद खेळणाऱ्याप्रमाणे चालते: ‘वादळ पडला, त्याला उचल’, किंवा मुलगी असेल तर ‘वादळ पडली’. सामान्यरूपही बहुधा गळते. हवामानाच्या बातमीत ‘वादळाला’, पण हेडफोनवर ‘वादळला कव्हर दे’. यात चूक काही नाही. ‘गणेशाला’ आणि ‘गणेशला’ ही दोन्ही रूपे विशेषनामांत आपण रोज वापरतोच.